शेगडीत निखारे साचले तर काय करावं

कडाक्याच्या थंडीत लाकडावर चालणारी, दार आणि धुराडं असलेली शेगडी दिवसभर पेटती ठेवली की तिसऱ्या-चौथ्यांदा लाकूड भरताना हे होतंच. आत निम्म्यापर्यंत निखारे, नवा ओंडका मावत नाही आणि खोली मात्र गार पडत चाललेली.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे निखारे फावड्याने काढून टाका. तो मुळीच ऐकू नका. एक तर ती तुमचीच ऊब आहे. दुसरं, मी एकदा तसं केलं आणि बादली लाकडी फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी बादली उचलली तर खाली फळीवर काळं वर्तुळ उमटलं होतं. राखेत दडलेला निखारा कित्येक तास, कधी काही दिवसही धुमसत राहतो.

निखारे साचतात ते आपल्या घाईमुळे. ज्वाळा असतात लाकडातून निघणाऱ्या वायूच्या. तो संपला की मागे राहतो कोळसा, आणि तो वरून, हवा लागेल तेवढाच जळतो. ज्वाळा विझल्या की ऊब कमी होते, आपण लगेच नवं लाकूड टाकतो, आणि जुना कोळसा संपायच्या आत नवा तयार होतो. कठीण लाकडाचे निखारे जास्त वेळ टिकतात, म्हणून तिथे हा त्रासही जास्त.

आता मुख्य काम. आधी हवेची झडप पूर्ण उघडा, मग दार हळूहळू उघडा. झटक्यात उघडलं तर धूर खोलीत येतो. लोखंडी आकडीने निखारे उकरून हवा जिथून आत येते तिथे ओढा, बहुतेक शेगड्यांत दाराशी. उकरणं महत्त्वाचं, कारण निखाऱ्यावर बसलेली करडी राख हवा अडवते. राख झडली की तो लगेच लालभडक होतो. त्यावर वाळक्या लाकडाची एकच बारीक ढलपी आडवी ठेवा आणि दार लावा. मोठा ओंडका नको, नाहीतर पुन्हा तेच. ढलपीच्या जाळाने धुराड्याची ओढ टिकते आणि खालचे निखारे भराभर जळतात. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा उकरा. ढीग निम्म्यावर येईपर्यंत नवं लाकूड भरायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

रात्री निखारे टिकावेत म्हणून झडप गच्च बंद करणारे लोक पाहिले की मला खरंच भीती वाटते. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. निखारे लाल आहेत तोवर झडप थोडी तरी उघडी हवीच, आणि घरात या वायूची सूचना देणारा गजर बसवा.

लाकूड वाळलेलं असावं, ओलावा २० टक्क्यांच्या आत.

राख काढायची ती शेगडी गार असताना, तळाशी दोन-तीन सेंटिमीटरचा थर ठेवून. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरा आणि बादली घराबाहेर, दगडावर किंवा फरशीवर ठेवा.