एक्सएफसीई: डेस्कटॉपवरचे आयकॉन गायब, रीस्टार्ट न करता परत आणले

एक्सएफसीई म्हणजे लिनक्सवरचं एक डेस्कटॉप वातावरण. लक्षणं अशी: आयकॉन नाहीत, वॉलपेपरच्या जागी नुसतं काळं, राइट क्लिक केलं तर मेनूही नाही. पॅनेल आणि उघडी ॲप्लिकेशन मात्र व्यवस्थित चालू. फाइल मॅनेजरमध्ये डेस्कटॉप फोल्डर उघडून बघितलं, फायली जागेवर होत्या. आयकॉन थीम बदलली, पॅनेल रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. अर्धवट काम उघडं असल्याने रीस्टार्ट परवडणारा नव्हता, जाम वैताग आला.

एक्सएफसीईमध्ये वॉलपेपर, आयकॉन आणि तो मेनू ही तिन्ही कामं 'एक्सएफडेस्कटॉप' नावाचा एकच प्रोग्राम करतो. तिन्ही एकदम गेले की तोच बंद पडला किंवा अडकला असं समजा.

टर्मिनलमध्ये 'पीग्रेप एक्सएफडेस्कटॉप' द्या (कमांड इंग्रजी लहान अक्षरांत: pgrep xfdesktop, प्रोग्रामच्या नावात जागा नाही). नंबर आला तर प्रोग्राम चालू आहे पण अडकलाय. आधी तो बंद करायला 'किलऑल एक्सएफडेस्कटॉप' (killall xfdesktop) द्या. काहीच आलं नाही तर ही पायरी सोडा. मग ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबून चौकटीत फक्त 'एक्सएफडेस्कटॉप' लिहा, एंटर. आयकॉन लगेच परत येतात. टर्मिनलमधून सुरू करू नका, ती खिडकी बंद केली की आयकॉन पुन्हा जाऊ शकतात.