बुकिंगच्या साइटवरचे प्रॉक्सीवाले कसे ओळखावेत, कसे अडवावेत

डिसेंबरच्या हंगामात कळंगुट किंवा पाळोळ्यातल्या गेस्ट हाउसच्या साइटवर खोटी बुकिंगं प्रॉक्सीमार्फत, म्हणजे खरा पत्ता लपवणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत, येऊ लागली, तर आधी सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कोण कुठून आलं याची नोंद, उघडा. साइट क्लाउडफ्लेअर या मधल्या संरक्षक सेवेमागे असेल तर लॉगमध्ये त्यांचेच आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) दिसतात. खरा पत्ता ‘सीएफ-कनेक्टिंग-आयपी’ हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळीत, येतो. एनजिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये तो वाचायला सांगा, पण फक्त क्लाउडफ्लेअरच्या आयपी-पट्ट्यांवरच विश्वास ठेवून. ही पायरी चुकली की एका प्रॉक्सीवाल्यापायी सगळं गिऱ्हाईक दाराबाहेर!

‘व्हाया’ किंवा ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडर दिसलं म्हणून लगेच अडवू नका. ऑपेरा मिनीवरून येणारा साधा माणूसही ते घेऊन येतो, आणि लबाड प्रॉक्सी ते पाठवतच नाही. खरा सुगावा एएसएनमध्ये, म्हणजे आयपी कोणत्या नेटवर्कचा हे सांगणाऱ्या क्रमांकात, असतो. आयपी घरगुती ब्रॉडबँडचा की भाड्याच्या सर्व्हरचा (डेटासेंटरचा), हे त्यावरून कळतं. टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कच्या एक्झिट नोडची (वाहतूक बाहेर पडते त्या सर्व्हरची) यादी टॉर प्रोजेक्ट स्वतःच देतो. ती रोज नव्याने उतरवा.

अख्खी साइट बंद करू नका, गूगल शोधासाठी पानं वाचणारा गूगलबॉटही डेटासेंटरमधूनच येतो. बुकिंगच्या पानावर मात्र डेटासेंटरच्या आयपीला आधी कॅप्चा, मग ओटीपी, आणि तरीही धुडगूस चालला तर ४०३, म्हणजे प्रवेशबंदी. एका आयपीला मिनिटाला १० विनंत्या पुरे.

मोबाइल कंपन्यांचे आयपी कायमचे अडवणं मूर्खपणाचं. एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक असू शकतात. तिथे बंदी तासाभराचीच ठेवा. घरगुती आयपी वापरणारे प्रॉक्सी या जाळ्यातून निसटतात. त्यांना थोडी आगाऊ रक्कमच रोखते.