उबवणीची अंडी पार्सलने पाठवताना

साताऱ्याहून गावरान कोंबडीची उबवणीची अंडी परगावी पाठवताना बहुतेकांचे लक्ष कवच फुटू नये एवढ्यावरच असते. परंतु कवच शाबूत राहूनही अंडे उबवणीच्या दृष्टीने निकामी होऊ शकते. अंड्याच्या रुंद टोकाशी, आतील दोन पापुद्र्यांच्या मध्ये, हवेची पोकळी असते आणि प्रवासात सतत हादरे बसले की ती जागेवरून सुटते. मी जतच्या बाजूला प्रथम पाठवलेल्या डझनभर अंड्यांपैकी एकालाही तडा गेला नव्हता, पण तिकडे अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडावर धरून पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक अंड्यांत हवेचा बुडबुडा गवंड्याच्या लेव्हलपट्टीतल्यासारखा इकडून तिकडे सरकत होता. खोक्यात बोटभर जागा मोकळी राहिली होती, एवढीच चूक. पण ती पुरेशी ठरली.

अंडी सात दिवसांच्या आतली व मध्यम आकाराची निवडावीत. ती धुऊ नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक थर निघून गेला की सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात. दोन अंडी हलकेच एकमेकांना टेकवावीत. तडा असलेल्याचा आवाज बद्द येतो.

प्रत्येक अंड्याभोवती बबल रॅपचे दोन वेढे द्यावेत, मात्र दोन्ही टोके चिकटपट्टीने घट्ट बंद करू नयेत, कारण अंड्याला हवा लागते. मग रुंद टोक वर ठेवून अंडी खोक्यात एकमेकांना लागून उभी करावीत आणि उरलेल्या फटींत चुरगळलेला कागद दाबून बसवावा. पाटण, जावळीकडे गिरणीवर भाताचे तूस सहज मिळते, पण सुटे ओतलेले तूस हादऱ्यांनी खाली बसते व वर पोकळी पडते; म्हणून ते लहान पिशव्यांत भरून तळाशी व बाजूंना गादीसारखे वापरणेच मला योग्य वाटते. हा खोका दुसऱ्या, मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा आणि सर्व बाजूंनी दोन इंचांचे भरण द्यावे. झाकण लावून खोका हलकेच हलवून पाहावा. आत काहीही सरकल्याचे जाणवले, तर पुन्हा उघडून भरावे. येथे कंटाळा करू नये.

बाजूंना चार-सहा छिद्रे पाडून ‘नाजूक – अंडी’ असे ठळक लिहावे व वरची बाजू बाणाने दाखवावी. पार्सल आठवड्याच्या सुरुवातीस द्यावे, म्हणजे ते रविवारी कोठे पडून राहत नाही. चैत्र-वैशाखात शक्यतो पाठवूच नये. साधारण २१ अंश सेल्सिअसच्या वर गर्भाची वाढ अर्धवट सुरू होऊन वाटेतच थांबण्याचा धोका असतो.

अंडी पोहोचल्यावर रुंद टोक वर ठेवून सावलीत, थंड जागी चोवीस तास स्थिर ठेवावीत आणि मगच खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात घालावीत. ही सूचना चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी, कारण खोका उघडणारा माणूस बहुधा घाईत असतो आणि अंडी थेट कोंबडीखाली सारतो.