ऍबोरिजिनल वस्तीत कॉर्टिसॉल मोजायला जाताय? मग आधी हे वाचा

ऑस्ट्रेलियात पब्लिक हेल्थ शिकत असाल आणि प्रोजेक्टला कॉर्टिसॉल हे स्ट्रेस हार्मोन घेतलं असेल तर किट मागवायची घाई करू नका. आधी तिथल्या ऍबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी लोकांनीच चालवलेल्या हेल्थ सर्व्हिसकडे जा (अशी पहिली सर्व्हिस १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये सुरू झाली), हा प्रश्न त्यांना स्वतःला महत्त्वाचा वाटतो का ते विचारा, नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा. एथिक्सचे फॉर्म नंतर. वस्तीत कुणी वारलं असेल तर सॉरी बिझनेस, म्हणजे दुखवट्याचे दिवस चालू असतात, तेव्हा जाऊच नका.

आता लाळेचं सॅम्पल. कॉर्टिसॉल दिवसभर सारखं नसतं, उठल्यावर ३० ते ४५ मिनिटांत चढतं आणि मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं, म्हणून एक नळी डोळे उघडल्या उघडल्या, दुसरी उठल्यापासून अर्ध्या तासाने, तिसरी उठल्यापासून पाऊण तासाने आणि एक झोपायच्या आधी. सकाळच्या तिन्ही नळ्या होईपर्यंत चहा, नाश्ता, ब्रश, सिगरेट काहीच नाही, हिरडीतून रक्त आलं तरी सॅम्पल वाया जातं. नळीवर नेमकी वेळ हवी. नुसतं 'सकाळी' लिहिलेली नळी मी तरी सरळ बाजूला काढेन, कारण वीस मिनिटांच्या फरकाने आकडा बदलतो. रात्री झोप लागली का, घरात किती जण झोपले होते, हेही टिपून घ्या.

कॉर्टिसॉल केसातही साठतं. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे मुळाजवळच्या ३ सेंटीमीटरमध्ये मागचे तीन महिने सापडतात. पण आपले केस परक्याच्या हातात देणं सगळ्यांना पटेलच असं नाही, उरलेले परत हवेत की नष्ट करायचे ते कात्री लावायच्या आधी विचारा.

आणि प्लीज, आकडा कमी आला म्हणून 'टेन्शन नाही' असं लिहू नका. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांना २०१७ मध्ये उलटंच दिसलं, ऍबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) तरुणांमध्ये सकाळची ही चढणच दबलेली होती. ताण वर्षानुवर्षं सोसला की शरीराची ही यंत्रणा मंदावू शकते, आणि इथे तर कितीतरी घरांतल्या आज्यांना लहानपणी सरकारनेच आईपासून तोडून नेलेलं आहे, ज्याची माफी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत मागितली ती थेट २००८ साली.

पेपर पाठवायच्या आधी ग्राफ घेऊन वस्तीत परत जा, सगळ्यांसोबत बसून दाखवा, आणि एखादं वाक्य त्यांना खटकलं तर तिथल्या तिथे बदला.