द्राक्षाची जात डीएनएवरून ओळखायची? आधी या चुका टाळा

वाईनच्या द्राक्षाची जात डीएनए मार्करवरून, म्हणजे डीएनएमधल्या ठरावीक खुणांवरून, ओळखता येते हे आता आमच्या बुलडाणा-वाशिमकडेही माहीत झालंय, चांगलंच आहे. पण पान पाठवलं की नाव येतं एवढंच धरून लोक घाई करतात आणि पैसे पाण्यात जातात, ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खुंटाचं, म्हणजे ज्या मुळाकडच्या वेलीवर कलम बांधतात तिचं, पान पाठवणं. आपल्याकडे पाणी कमी, कुठे जमीन खारवट, म्हणून बऱ्याच बागा डॉगरिज नावाच्या खुंटावर असतात. म्हणजे एकाच वेलीत दोन जाती, जोडाच्या खाली अमेरिकेकडची रानवेल आणि वर तुमचं कॅबर्ने नाहीतर शिराझ. आमच्या भागात एकानं शिराझ म्हणून रोपं आणून लावली, काही वेली वेगळ्याच दिसायला लागल्या, त्यातल्या एकीचं पान तोडून पाठवलं आणि रिपोर्ट आला की हे शिराझ नाही, वाईनच्या कुठल्याच जातीशी जुळत नाही. झालं, नर्सरीवाल्याला फोनवर शिव्या, वकिलाकडे चकरा. बागेत जाऊन मी ती फांदी शेंड्याकडून बोटानं धरत खाली आलो तर ती जोडाच्या गाठीच्या वीतभर खालून फुटलेली! वरचं कलम उन्हाळ्यात वाळून गेलेलं, खुंट मात्र जोमात, आणि गड्यानं तोच फुटवा सुतळीनं बांधून तारेवर चढवलेला. शेतकरी म्हणे, "पान त पानच असते ना भाऊ, त्याच्यात खालचं-वरचं काय पाहाचं?" मार्करनं काहीच चुकीचं सांगितलं नव्हतं. शेजारच्या चांगल्या वेलीचं जोडाच्या वरचं पान पाठवलं, शिराझच निघालं. नर्सरीवाल्याची नाहक बदनामी झाली ती वेगळीच.

म्हणून माझी सवय एकच, फांदी खोडापर्यंत बोटानं माग काढायची, जोड डोळ्यानं दिसला तरच पान तोडायचं, जोड मातीत गाडला असेल तर उकरून बघायचं. वेलीला रिबन बांधायची, फोटो काढायचा, दोन वेलींची पानं एका पाकिटात कधीच नाही. पान शेंड्याचं, कोवळं. जून पानात पॉलिफेनॉल जास्त, डीएनए तपकिरी होऊन येतो आणि पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पायरी, रुसते.

दुसरी चूक, मार्करला नको तो प्रश्न विचारणं. नेहमीचा संच एसएसआर मार्करचा, म्हणजे डीएनएत परत परत येणाऱ्या छोट्या तुकड्यांचा; प्रत्येक मार्करवर तुकड्याच्या लांबीचे दोन आकडे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. व्हीव्हीएस२, व्हीव्हीएमडी५, व्हीव्हीएमडी७, व्हीव्हीएमडी२७, व्हीआरझॅग६२ आणि व्हीआरझॅग७९, हे सहा जगभर वापरतात. यांनी जाती वेगळ्या कळतात, क्लोन, म्हणजे एकाच जातीतून निवडून कलमानं वाढवलेले प्रकार, नाही. पिनो न्वार काळं, पिनो ग्री करडं-गुलाबी, पिनो ब्लां पांढरं, तरी या मार्करवर तिघांचे आकडे सारखेच, कारण ती एकाच जातीची म्युटेशनं, म्हणजे डीएनएत आपोआप झालेले छोटे बदल, आहेत, फरक रंगाच्या जीनमध्ये. आपल्याकडचंच बघायचं तर सोनाका आणि तास-ए-गणेश दोन्ही थॉम्पसन या बिनबियांच्या जातीतूनच निवडलेली, "यातलं माझं कोणतं ते सांगा" म्हणून सहा मार्करची टेस्ट करायला जाऊ नका. लॅबवालेही आधी सांगत नाहीत, सांगायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्धवट जुळणीवर उड्या मारू नका. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात सिद्ध झालं की कॅबर्ने सोव्हिन्यो हे कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यो ब्लांचं पोर आहे. म्हणजे मार्करगणिक त्याचा एक आकडा एका पालकाशी जुळणार, दुसरा दुसऱ्याशी. एक एक आकडा जुळला म्हणजे नातं असू शकतं, तीच जात नव्हे. दोन्ही आकडे जुळायला पाहिजेत, सगळ्या मार्करवर. आणि फक्त सहा मार्करवर आईबाप ठरवायला निघालेले नवशिके तर नकोच, त्याला कितीतरी जास्त मार्कर लागतात.

बी पाठवू नका, बीमधल्या गर्भात परागाचा अर्धा हिस्सा असतो, ते वेलीचं मूल झालं. मण्याची साल चालते, ती वेलीचीच.

ओलं पान प्लास्टिकमध्ये कोंबून मे महिन्यात कुरिअर करणं बंद करा, ४५ डिग्रीत त्याचा काढा होतो. पान कागदात, मग सिलिका जेलच्या पाकिटात, आणि सोमवारी पाठवा, रविवारी ते गोदामात पडून राहत नाही.

शेवटचं, दोन लॅबचे आकडे थेट शेजारी ठेवून "रिपोर्ट खोटा" म्हणणारे. मशीन आणि डाय, म्हणजे तुकडा दिसावा म्हणून लावलेला रंग, बदलला की तोच तुकडा एकदोन बेसनं, म्हणजे डीएनएच्या एकदोन अक्षरांनी, इकडेतिकडे वाचला जातो, आणि या मार्करमध्ये दोन जातींचा फरकही कधी दोनच बेसचा असतो. त्यामुळे त्याच प्लेटमध्ये, म्हणजे नमुने एकत्र तपासायच्या ट्रेमध्ये, ओळखीची जात चालवली होती का ते विचारा, पिनो न्वार किंवा कॅबर्ने सोव्हिन्यो, आणि तिचे आकडे रिपोर्टवर लिहून मागा. लॅब द्यायला कुरकुर करत असेल तर नमुना दुसरीकडे पाठवा.