सीपॅपच्या मास्कनं चेहरा सोलवटतो तेव्हा

गेली ३४ वर्षं मी सांगलीत बायकांचे ब्लाउज शिवते. काखेत काचणारा ब्लाउज घेऊन कुणी आली, की मी आधी शिवण उसवत नाही. तिला हात वर करायला लावते, वाकायला लावते. नेमकं कुठं काचतंय आणि कधी, हे कळल्याशिवाय कात्री उचलायची नाही. सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन. त्याच्या मास्कचंही असंच आहे. मला हे कळेपर्यंत सहा महिने गेले आणि नाकाच्या दांडीवर एक काळा डाग पडला.

झोपेच्या तपासणीत माझा श्वास तासाला ४१ वेळा अडत होता. मशीन लागलं आणि पंधरा दिवसांत दुपारची पेंग गेली. सुई ओवता ओवता डोळे मिटायचे, तेही थांबलं. त्यामुळे केवळ चेहरा खाजतो, दुखतो म्हणून कुणी मशीन कपाटात ठेवलं असं ऐकलं की जीव कळवळतो. त्रास खरा आहे, पण बहुतेक वेळा त्याच्यावर इलाज निघतो. मी माझा कसा काढला ते सांगते.

सकाळी मास्क काढला की लगेच तोंड धुवू नका. आधी आरशासमोर उजेडात उभं राहा. कुशनचा, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाचा, नुसता वळ उठला असेल आणि चहा होईपर्यंत तो विरला, तर काळजी नाही. तासाभरानंतरही जागा दुखत असेल, तर मास्क तिथं दाबतोय. बारीक पुळ्या असतील तर तेल, घाम आणि न धुतलेलं कुशन यांच्याकडे बघा. कुशनच्या किंवा पट्ट्याच्या अगदी आकारात खाज सुटली असेल, तर त्वचेला काहीतरी सोसत नाहीये. बऱ्याचदा ते सिलिकॉन नसतं, त्यावर राहिलेला साबण असतो. खाज फक्त पट्ट्याखाली असेल तर पट्ट्याचं कापड, त्यातला रबरी फोम किंवा धुण्याची पावडर यांच्यावर संशय घ्या.

एक गोष्ट मला त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितली ती मनात ठेवा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. जागा जांभळट किंवा गडद दिसते, किंवा दिसतच नाही. म्हणून बोटानं चाचपून बघा. आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा दुखरी लागली तर तिथं दाब पडलाय असं समजा. मधुमेह असेल तर हे रोज करा, कारण जखम कळतेही उशिरा आणि भरतेही उशिरा.

आता सगळ्यात मोठ्या चुकीबद्दल. हवा निसटते म्हणून आपण पट्टे आवळतो. मीही आवळले, दोन महिने रोज थोडे थोडे. कुशन नीट बघा. कडेला सिलिकॉनची पातळ झालर असते. मशीनची हवा त्या झालरीत भरते आणि ती फुगून चेहऱ्याला टेकते. पट्टे करकचून ओढले की झालर चपटी होते, फुगायला जागाच उरत नाही, आणि हवा आणखी निसटते. मग आपण आणखी आवळतो. माझ्या नाकाची दांडी अशीच सोलवटली.

मास्क बसवायचा तो आडवं होऊन, उशीवर डोकं ठेवून आणि मशीन चालू करून. बसून बसवलेला मास्क झोपल्यावर बदलतो, कारण आडवं झालं की गाल सैल पडून बाजूला सरकतात. सगळे पट्टे सैल करा. मास्क चेहऱ्यावर टेकवा, किंचित पुढं ओढा म्हणजे झालर फुगेल, आणि अलगद परत टेकवा. मग दोन्ही बाजू एकदम, सारख्या ओढत जा. हवा थांबली की तिथंच थांबायचं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हे पूर्ण दाबावर तपासा. माझा दाब ११ आहे, पण मशीन सुरू होताना ४ पासून हळूहळू चढतं. ४ वर छान बसलेला मास्क रात्री एक वाजता फुसफुसायला लागतो. बऱ्याच मशीनमध्ये मास्क तपासण्याची सोय असते, ती पुरवठादाराकडून समजून घ्या. कुशीवर झोपत असाल तर त्या कुशीवरही तपासा.

योग्य माप सापडलं की माझी एक युक्ती करा. पट्टा जिथं वळून वेल्क्रोला चिकटतो, तिथं लाल दोऱ्याचा एक खुणेचा टाका घाला. धुतल्यावर पट्टा पुन्हा त्याच खुणेवर लावायचा. रोज अंदाजानं ओढायला गेलं की हात घट्टच ओढतो. काही महिन्यांनी खुणेवर लावूनही सैल वाटायला लागलं, तर पट्ट्याचा ताण गेलाय. तेव्हा पट्टे नवे घ्या, जुने आवळत बसू नका.

हे सगळं करूनही दांडी दुखतच असेल, तर मास्कचं माप किंवा जातच चुकली असेल. १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार जगापुढे मांडला, तेव्हाचे मास्क रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन बनवत आणि रोज रात्री चिकटवत असत. आता मास्क लहान, मध्यम, मोठा असे तयार मिळतात, आणि तयार कपडा प्रत्येकाला बसतोच असं नाही. मला मध्यम दिला होता, लागत होता लहान. पुरवठादाराकडे आग्रहानं दोन-तीन मापं लावून बघा, त्यात संकोच नको. नाकाखालून बसणारे मास्कही असतात, त्यांचा दांडीला स्पर्शच होत नाही. परवडत असेल तर दोन वेगळ्या जातींचे मास्क आलटून पालटून वापरा, म्हणजे दाब रोज एकाच जागी येत नाही. काही मास्कना लोहचुंबकाच्या चापा असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

काही मास्कना कुशनऐवजी नाकपुडीत बसणाऱ्या छोट्या उशा असतात, त्यांनी नाकपुडीची कड सोलवटते. त्याचं कारणही बहुधा मापच असतं. कधी आत हवा फार कोरडी असते, मग ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणारा भाग, एका आकड्यानं वाढवा. त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला. पावसाळ्यात मात्र मी तो कमी करते, नाहीतर कुशनमध्ये पाणी साचून कातडी ओलसर राहते, आणि ओली कातडी लवकर सोलवटते.

बायकांसाठी थोडं वेगळं सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चमकीवर कुशनची कड बसली की तिथून हवाही जाते आणि नाकही खरचटतं. मी रात्री चमकी काढते. वर्षानुवर्षांचं भोक एका रात्रीत बुजत नाही. टिकली काढून डिंक धुवून टाका, विशेषतः मास्कला कपाळाचा आधार असेल तर. टिकलीच्या डिंकानं काहीजणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, तो मास्कच्या माथी मारू नका. आणि रात्री केसांना तेल चोपडून झोपायची सवय असेल तर ती सकाळवर न्या. तेल पट्ट्यांत मुरतं, कुशनवर उतरतं, मास्क घसरतो आणि आपण पुन्हा आवळतो.

पुरुषांनी इतकंच बघावं: झोपण्याआधी लगेच दाढी केली तर ताज्या कातडीवर मास्क झोंबतो. दाढी सकाळी करा.

चेहरा झोपण्याआधी सौम्य साबणानं धुवा. कातडी कोरडी असेल तर साधं, बिनवासाचं, पाण्यात मिसळणारं मॉइश्चरायझर लावा, पण मास्क चढवण्याआधी निदान तासभर. मी नऊला लावते आणि साडेदहाला झोपते. व्हॅसलीन आणि खोबरेल तेल कुशनखाली नको. त्यानं सिलिकॉन खराब होतं आणि मास्क जागेवर राहत नाही. हळदीचा लेपही मी करून बघितला. सोलवटलेल्या जागी आग झाली आणि कुशन कायमचं पिवळं झालं.

कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात, बाळाच्या साबणाच्या एका थेंबानं धुवा. बोटानं आतल्या झालरीपर्यंत जा, बुळबुळ जाईपर्यंत खळबळा आणि सावलीत वाळवा. जंतुनाशक द्रव, ब्लीच, स्पिरिट काही नको. त्यांचा अंश राहतो आणि रात्रभर कातडीला लागतो. पट्टे आठवड्यातून एकदा, मी रविवारी धुते, तीन पाण्यांतून काढून. कुशन कडक, चिकट किंवा धुरकट झालं, की ते कितीही धुतलं तरी त्रास देतं. ते बदलावंच लागतं. खर्च होतो हे मला माहीत आहे, पण बिघडलेल्या कुशनमागे क्रीमवर तेवढेच पैसे जातात.

क्रीमवरून आठवलं. डाग पडला तेव्हा मी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली. चार दिवसांत खाज पळाली. तीन आठवड्यांत कातडी पातळ होऊन ऊन लागताच चुरचुरायला लागली, तोंडाभोवती पुळ्या आल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बघून सांगितलं, यात स्टेरॉइड आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, यातलं एकही नाव ट्यूबवर असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. कुणी कितीही जिव्हाळ्यानं दिली तरी नको.

कातडी फाटली, पाणी सुटलं, पू दिसला, सूज आली, तर तो मास्क त्या जागेवर पुन्हा ठेवायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि मशीन बंद न ठेवता दुसरा कुठला मास्क चालेल ते विचारा. कातडी फाटण्याआधीच, नुसती दुखरी असताना, हायड्रोकोलॉइडची, म्हणजे कातडीला चिकटून तिला जपणारी मऊ, पातळ पट्टी कामाला येते. ती औषधाच्या दुकानात मिळते. जेवढी दुखरी जागा तेवढीच कापा आणि कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी सुटतो. काढताना पाण्यानं भिजवून सावकाश काढा.

आता माझ्या हातातलं काम: कुशन आणि कातडी यांच्यामध्ये बसणारं कापडी आवरण. जुनी, पुष्कळ धुतलेली बनियन घ्या. नव्या कापडाची खळ आणि रंग कातडीला सोसत नाहीत. कुशन कागदावर पालथं ठेवून पेन्सिलीनं बाहेरची रेघ मारा. तिच्या बाहेर बोटभर आणि आत अर्धं बोट सोडून कडं कापा. मधलं भोक मोठं राहिलं पाहिजे. नाकातोंडासमोर कापड येता कामा नये. कडा दुमडू नका, दुमड काचते. होजियरीची कड फारशी उसवत नाही, सुटे धागे कापून टाका. बाहेरच्या कडेला चार ठिकाणी बारीक इलॅस्टिकचे फास लावून ते मास्कच्या चौकटीला अडकवा. मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून आपला उच्छ्वास बाहेर जातो, ती भोकं कधीच झाकायची नाहीत. नाकपुडीच्या उशांना हे आवरण चालत नाही. पहिल्या सकाळी मशीनवरचा लीकचा, म्हणजे निसटलेल्या हवेचा, आकडा बघा. वाढला असेल तर आवरण जाड आहे किंवा भोक लहान. पट्ट्यांनाही त्याच बनियनच्या नळ्या शिवून चढवता येतात, गालावरचे वळ त्यानं जातात.

आवरण एका रात्रीतच घामानं आणि तेलानं मळतं, म्हणून एका बनियनमधून जेवढी निघतील तेवढी एकदमच कापून ठेवा. मी दर महिन्याला सात करते.