बर्फाची सहल: लेकरं कोणाकडे ठेवायची, स्की कोणाकडून शिकायची

कापसाची शेवटची वेचणी उरकली, तूर विकून झाली आणि हरभरा सोंगायला अजून वेळ आहे, असे फेब्रुवारीतले आठ-दहा दिवस आपल्याकडच्या शेतकरी घराला मोकळे सापडतात. घरात दहावी-बारावीचं कोणी नसेल तर शाळेत अर्ज दिला की भागतं. काश्मीरात गुलमर्गला स्की, म्हणजे पायाला लांब पाट्या लावून बर्फावरून घसरणं, शिकायला हाच काळ बरा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा मोह होतो, पण अलीकडे बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं, आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तेव्हा फेब्रुवारीचा मध्य धरा, आणि रद्द करता येईल अशीच खोली घ्या.

आधी पाळी ठरवा, मग तिकीट काढा

तिकीट, हॉटेल, जाकिटं सगळं घेऊन होतं, आणि बर्फावर उभं राहिल्यावर प्रश्न पडतो की दीड वर्षाच्या पोराला धरणार कोण. उत्तर बहुतेक घरांत न बोलता ठरलेलं असतं: त्याची आई. मग ती बाई चार दिवस खोलीत हिटरजवळ बसते आणि बाकीचे लाल नाकं घेऊन तिला फोटो दाखवायला येतात. हे टाळायचं असेल तर घरीच एका कागदावर पाळी लिहा. सकाळी कोण शिकणार, लेकरू कोणाकडे. दुपारी कोण शिकणार, लेकरू कोणाकडे. प्रत्येक दिवसाचं. नवराबायकोचं यावरून भांडण व्हायचंच असेल तर ते यवतमाळात झालेलं बरं, गुलमर्गात तासाला पैसे मोजून कशाला?

“आजी सोबत आहे, मग काय चिंता” असं म्हणणाऱ्यांना एक विनंती. आजीला पाळणाघर समजून नेऊ नका. बर्फ तिनेही पहिल्यांदाच पाहिलेला असतो, थंडीत तिचे गुडघे आखडतात, आणि हॉटेलच्या खोलीत तिला ना अंगण ना शेजारीण. दोन तास ती हौसेने सांभाळेल. सहा तास नाही.

साडू किंवा मेहुण्याचं घर मिळून दोन कुटुंबं गेलात तर गणित फार सोपं होतं. सकाळी एक जोडपं बर्फावर, दुपारी दुसरं.

कोणत्या वयाला काय

तीन वर्षांखालच्या लेकराला स्कीचं नाव काढू नका. त्याला बर्फात बसू द्या, मूठभर घेऊन फेकू द्या, अर्ध्या तासाने आत न्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना युरोपात शिकवतात, कारण तिथे त्यांच्यासाठी कुंपण घातलेली वेगळी जागा आणि मुलांना वर नेणारे सरकते पट्टे असतात. गुलमर्गात शिकाऊ उतारावर बरंचसं पायीच चढावं लागतं, आणि चार वर्षांचं पोर पायात दोन पाट्या घेऊन चार वेळा चढलं की पाचव्यांदा आडवं पडतं. त्याला घसरगाडी पुरे. माझ्या मते आपल्याकडच्या, बर्फ न पाहिलेल्या मुलाने गुलमर्गात सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात करावी. शाळेत स्केटिंग शिकलेलं असेल तर वर्षभर आधी चालेल, तोल बराच तयार असतो.

लेकरू सांभाळायची सोय: गुलमर्ग

गुलमर्गात युरोपसारखी पाळणाघरं मिळतील असं धरून चालू नका. मोठ्या हॉटेलात खेळायची खोली असली तरी तिथे सांभाळायला माणूस असेलच असं नाही. फोनवर सरळ विचारा: माणूस असतो का, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, किती वयाच्या मुलाला घेतात, आई-वडील हॉटेलबाहेर गेले तर चालतं का? शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच ठिकाणी गाडी अडते.

हॉटेलवाले ओळखीची बाई बघून देत असतील तर तिला आदल्या संध्याकाळीच बोलवा आणि तासभर सोबत बसा. लेकराला ती कशी भरवते ते पाहा, त्याला तिचा चेहरा ओळखीचा होऊ द्या. काश्मीरच्या थंडीत फिरनच्या, म्हणजे सैल लांब झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. लहान मूल मांडीवर असताना कांगडी नको, हे आधीच गोडीने सांगून ठेवा. खोलीत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, असेल तर धूर नीट बाहेर जातो का ते बघा आणि खिडकीला बोटभर फट ठेवा. बंद खोलीत त्या विस्तवाचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो. विजेची गादी किंवा सेंट्रल हीटिंगची खोली मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी तीच घ्या.

आणखी एक, जे इकडून निघताना लक्षात येत नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. लेकरू खोलीत आणि तुम्ही उतारावर असताना फोन बंद, हे परवडणारं नाही. दोघांपैकी किमान एकाचा नंबर पोस्टपेड करून घ्या, आणि तोच सांभाळणाऱ्या बाईला द्या.

मुलगा-सून परदेशात असतील तर

गावोगावी आता कोणाचा ना कोणाचा पोरगा जर्मनीत किंवा स्वित्झर्लंडमध्ये असतो, आणि “बाबा, फेब्रुवारीत आल्प्सला जाऊ” असा फोन येतो. तिथे सोय पुष्कळ, पण नियम कडक. काही पाळणाघरं काही महिन्यांच्या बाळाला घेतात, काही दीड वर्षापासून, आणि जागा मोजक्या. फ्रान्सच्या शाळांना फेब्रुवारी-मार्चमध्ये विभागवार सुट्या असतात, त्या आठवड्यांत सगळं कित्येक महिने आधी भरून जातं. म्हणून आधी पाळणाघरातली जागा पक्की करा, मग त्याच्या जवळचं हॉटेल बघा. फ्रान्सच्या राष्ट्रीय स्की शाळेचे पिऊ-पिऊ नावाचे लहान मुलांचे वर्ग साधारण तीन वर्षांपासून घेतात. क्लब मेडसारख्या सुटीच्या रिसॉर्टमध्ये चार वर्षांपुढच्या मुलांचा क्लब आणि गटातली शिकवणी पॅकेजमध्येच असते. त्याहून लहान मुलांचे पैसे वेगळे, आणि नोंदणीही वेगळी.

कागदांमध्ये लोक इथे अडकतात: फ्रान्समधली पाळणाघरं लसीकरणाची नोंद मागतात. आपल्याकडे ती नर्सताईंनी भरलेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर असते, मराठीत, कुठे शाई उडालेली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून लसींची नावं आणि तारखा इंग्रजीत, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. हे काम निघायच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

जेवणाचंही लिहूनच द्या. “शाकाहारी” एवढ्याने तिकडे भागत नाही. मटण नको, चिकन नको, मासे नकोत, अंडं नको, असं एकेक सांगावं लागतं. घरचा डबा चालतो का हेही विचारा. चालत असेल तर भाताचा डबा आणि शेंगदाण्याचा लाडू द्या, लेकराची आणि सांभाळणाऱ्यांची, दोघांची सोय होते.

शिकवणारा निवडताना

गुलमर्गात गाडीतून उतरताच माणसं गराडा घालतात: घसरगाडीवाले, घोडेवाले, बूटवाले, “सर, स्की सिखाएगा” म्हणणारे. त्यात चांगले शिकवणारेही असतात, पण दमलेल्या पोराला कडेवर घेऊन त्यांची पारख होत नाही. हॉटेलमार्फत किंवा आधी जाऊन आलेल्यांमार्फत पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेला शिक्षक फोनवरच ठरवा. थोडं मोठं मूल किंवा तुम्ही स्वतः मन लावून शिकणार असाल, तर केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गातच आहे. तिचे अभ्यासक्रम मात्र ठरलेल्या तारखांचे असतात, चार दिवसांच्या सहलीत बसत नाहीत.

भाव ठरवताना नुसता आकडा ठरवू नका. त्यात पाट्या, बूट आणि हेल्मेट आलं का? किती तास? एकावेळी किती मुलं? “पूरा दिन” म्हणजे किती वाजेपर्यंत? पैसे रोजच्या रोज, शिकवून झाल्यावर द्या. लहान मुलाला सलग दोन तास खूप होतात, तेही सकाळचे. दुपारी बर्फ भुसभुशीत होतो आणि मूलही.

भाड्याचं सामान घेताना मुलाचं वजन आणि उंची खरी सांगा. पडल्यावर बूट पाटीतून कितपत जोराने सुटावा, हे त्यावरच ठरवतात. कौतुकाने चार किलो वाढवून सांगितलं तर पाय मुरगळेल पण बूट सुटणार नाही. नवशिक्या मुलाची पाटी छाती ते हनुवटीपर्यंतच्या उंचीची असावी. हातातल्या काठ्या सुरुवातीला लागत नाहीत.

कपडे

कापूस पिकवणाऱ्या मुलखातून हे सांगताना जिवावर येतं, पण बर्फात अंगाला लागून सुती कपडा नको. घाम आणि बर्फाचं पाणी तो धरून ठेवतो, वाळत नाही आणि अंग गार पडतं. आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, वर स्वेटर, त्यावर पाणी आत न जाऊ देणारं जाकीट. हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, तिथे लोकरीचं बरंचसं मिळून जातं. वरचा जाड कोट आणि गमबूट गुलमर्गच्या वाटेवरच्या टंगमर्गला भाड्याने मिळतात, ते विकत घेऊ नका.

मोजे एकच जोडी, पातळ आणि लांब. दोन जोड्या घातल्या की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. लहानांना पाच बोटांचे हातमोजे घालत बसू नका, अंगठा वेगळा असलेले मुठीचे घ्या. आणि तोंडाला दुपट्टा बांधायची आपली उन्हाळी सवय बर्फावर विसरा. लटकतं टोक उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकलं तर जिवावर बेतेल. गळ्यात सरळ चढवायची लोकरीची पट्टी मिळते, ती घ्या.

उन्हाचं क्रीम मात्र भरपूर लावा. आपलं पोर मे महिन्यात शेतात फिरतं, त्याला थंडीतल्या उन्हाचं काय, असं वाटतं. पण दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं दहा-बारा टक्के वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत अंगावर फेकतो. नाकाखाली, हनुवटीखालीसुद्धा लावा. डोळ्यांना गॉगल.

पहिली सकाळ

पोहोचल्याच्या दिवशी शिकवणी ठेवू नका. त्या दिवशी नुसता बर्फ.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रम असा: नाश्ता, मग संडास-लघवी, मग कपडे, आणि बूट सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला की सगळी बक्कलं लावून, हेल्मेट चढवून, हातमोजे घालून झाल्यावर लेकरू हळूच म्हणतं, “मले सू लागली.” परत सगळं सोडा, परत सगळं बांधा, तोवर शिकवणीचा पाव भाग संपलेला असतो. याच कारणासाठी लहानांना अखंड सूट नको, जाकीट आणि पँट वेगळी घ्या. बूट घातल्यावर मुलाला उभं करून गुडघे वाकवायला सांगा. सरळ उभं असताना बोटं पुढे टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरावीत, टाच मात्र उचलू नये.

शिक्षकाला मुलाचं नाव आणि घरचं लाडाचं नाव, दोन्ही सांगा. वऱ्हाडीतच बोलणारं लेकरू असेल तर थांब, थंडी, दुखतं, संडास, आई एवढे शब्द त्याला हिंदीत, आणि परदेशात असाल तर इंग्रजीत, घरून पाठ करून न्या. जाकिटाच्या आतल्या खिशात हॉटेलचं नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. शिकवणी संपल्यावर मुलाला घ्यायला कोण येणार, हे शिक्षकाला माणूस दाखवून सांगा.

आणि मग निघून जा.

हे आपल्याला जमत नाही. आई कडेला उभी, बाबा व्हिडिओ काढताहेत, आजोबा ओरडताहेत, “काऊन रडून राहिला बे, उठ!” समोर इतकी प्रेक्षकमंडळी असली की पोर शिक्षकाकडे बघतच नाही, पडलं की कडेकडे बघून भोकाड पसरतं. तुम्ही नजरेआड झालात तर बहुतेक मुलं पंधरा मिनिटांत गप्प होतात. त्या वेळात स्वतःचीही शिकवणी ठेवा. शिक्षक आधी पाट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करायला शिकवतो. मुलांना तो त्याला पिझ्झा म्हणायला सांगतो. वेग कमी करायचा आणि थांबायचं ते याने. थांबता येईपर्यंत मुलाला वरच्या उतारावर न्यायचा आग्रह धरू नका. संध्याकाळी खोलीत शिक्षकाने शिकवलेलं तुम्ही सुधारायलाही जाऊ नका.

उंची, विमा आणि तिसरा दिवस

आपली गावं तीन-चारशे मीटरवर, गुलमर्ग सुमारे २६५० वर. गंडोलाचा, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांचा, पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत साधारण तीन हजारांवर जातो, तो मुलांना चालतो. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर चार हजारांच्या जवळ पोहोचतो. लहान मुलांना तिथे नेऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही. डोकं दुखलं, ओकारी झाली, पोर सुस्तावलं तर लगेच खाली आणा.

प्रवास विम्यात स्कीइंग धरलेलं नसणं नेहमीचंच. साहसी खेळांचं वाढीव कलम घ्या, आणि ते मुलांच्या नावावरही आहे का ते वाचा. इटलीत तर उतारावर उतरणाऱ्याकडे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा असणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

तिसऱ्या दिवशी मूल हटकून कुरकुर करतं. पाय दुखतात, नवलाई सरलेली असते. ओढत नेऊ नका. शिक्षकाला सांगून तास अर्धा करा, उरलेला बाबांनी घ्यावा. दुपारी त्याला घसरगाडीवर बसवा आणि चौथ्या सकाळी नुसतं विचारा. बहुतेक वेळा ते बूट स्वतःच घेऊन येतं, डावा-उजवा उलटा का असेना.